अकरा बरण्यांचे दादरे

हसणार नाही असं वचन द्या, मग सांगतो. नाही देत? बरं, राहू द्या. चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि तोही माझ्याच नावावर जाईल! तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसानं केलेली ही चूक आहे, आणि तीसुद्धा फूटपट्टी-कंपास हातात घेऊन.

गेल्या मे महिन्यात आम्हाला नात झाली. लेक बाळंतपणाला आमच्याकडेच आलेली. मी सांगतोय तो बारशाच्या आदल्या दिवसाचा प्रकार. सोलापूरचा मे महिना मी काय वर्णन करू? नळाला हात लावला तरी चटका बसतो. अशा उन्हात आमच्या घरात दोन कारखाने जोरात सुरू होते. स्वयंपाकघरात कैरीचं लोणचं आणि मुरंबा, आणि बाहेरच्या खोलीत गोधडी.

गोधडीचं जरा सांगायला हवं. आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे सुमनला, प्रवासात कापड घेण्याचं वेड. लोक तिरुपतीहून लाडू आणतात, ही कलमकारीचा तुकडा आणते. बदामीला मी लेणी बघत होतो, ही इरकली खण बघत होती. जयपूरची बांधणी, अमृतसरची फुलकारी, कच्छचं आरसे लावलेलं काहीतरी... आमचा सगळा भारत पेटीत घडी घालून ठेवलेला! आता त्या सगळ्या प्रवासांची मिळून नातीला गोधडी व्हायची होती. शिवायला दुधनीहून सुमनची थोरली बहीण आली होती. त्यांना सगळे अक्का म्हणतात आणि त्या मला मास्तर म्हणतात.

"आरसं नगं गं," अक्कांनी आल्या आल्या कच्छ बाद केलं. "पोरीला टोचतील की!"

पण ही प्रवासाची कापडं म्हणजे नुसती वरची शोभा. तान्ह्या बाळाच्या अंगाला लागते ती खालची बाजू, आणि ती कुणी नव्या कापडाची करत नाही. तिथं धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं जुनं लुगडंच लागतं. हे लुगडं होतं माझ्या सासूबाईंचं. त्या आदल्याच वर्षी वारल्या. जाण्याआधी सुमनचा हात धरून म्हणाल्या होत्या, "नातीला लेकरू झालं की माज्या लुगड्यात निजवा." सुमननं ते वर्षभर पेटीत जपून ठेवलं होतं. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तिनं मला तीनदा सांगितलं होतं आणि मी तिन्ही वेळा पेपरातून मान वर न करता 'हं' म्हटलं होतं.

माझ्याकडे काम काय? तर बरण्या! उकळत्या पाण्यातून काढायच्या, गच्चीवर उन्हात वाळवायच्या, भरायच्या आणि तोंडाला दादरा बांधायचा. दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधतात ते फडकं. सुमननं सांगितलं, "पेटीपाशी जुनं कापड ठेवलंय, तेवढंच घ्या. रंगीत कापडांना हात लावायचा नाही."

एवढं सोपं काम! पेटीवर रंगीत कापडांचा ढीग होता आणि त्याच्या शेजारी एक जुनं, विटलेलं, घडी घातलेलं कापड. हिरवी बारीक चौकडी, तांबडे काठ. मी ते उचललं. आता कुणीही चौकोन कापून मोकळं झालं असतं. पण मी पडलो गणिताचा! बरणीच्या तोंडाची त्रिज्या मोजली, त्यात तीन इंच मिळवले आणि कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं अंतर ठेवून कंपासनं अकरा वर्तुळं आखून कापली. इतकी नेटकी की मीच चष्मा पुसून दोनदा बघितली. मग बांधली, सुतळी आवळली. तेल थोडं सांडलं, हळदीची बोटं लागली. ते चालायचंच.

हात पुसत होतो तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून अक्कांचा आवाज आला.

"सुमे, आईच्या लुगड्याबिगर ही गोधडी म्हंजे नुसतं कापडाचं दुकान बघ."

"हो ना गं," सुमन म्हणाली. "हिरव्या चौकडीचं, तांबड्या काठाचं. आई सारखी तेच नेसायची."

मी बरण्यांकडे बघितलं. अकराच्या अकरा बरण्या हिरव्या चौकडीचे, तांबड्या काठाचे फेटे बांधून माझ्याकडे बघत होत्या! मी तसाच कट्ट्याला धरून खाली बसलो.

पहिला विचार आला, सोडू आणि परत शिवू. पण वर्तुळं शेजारी शेजारी कशीही मांडा, मध्ये फटी राहतातच. हे मीच तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलंय! मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा मी कंपासनं कापली होती. सुमनला तोंड कसं दाखवायचं? खरं सांगतो, मला इतकी भीती लग्नानंतर कधी वाटली नव्हती.

मग दुसरा विचार आला. तसंच दुसरं लुगडं मिळवायचं. मी पिशवी घेऊन मागच्या दारानं सटकलो आणि शेजारच्या लक्ष्मीबाईंचं दार वाजवलं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग. जुनं लुगडं नसेल असं होणार नाही.

"लक्ष्मीबाई, एखादं जुनं लुगडं आहे का? फाटकं असलं तरी चालेल."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काय सर, रिटायर झाल्यावर बोहारणीचं काम धरलं काय? वाटी देणार का पातेलं?"

"तसं नव्हे हो! हिरव्या चौकडीचं हवंय. तांबडे काठ."

"अय्यो! बोहारीणसुद्धा रंग विचारत नाही की!"

आणि त्यांनी वर बघून जावेला तेलुगूत काहीतरी ओरडून सांगितलं. मला त्यातलं फक्त 'सर' कळलं. पाच मिनिटांत गल्लीतल्या चार बायका जुन्या साड्यांची गाठोडी घेऊन हजर! एकीला कढई पाहिजे होती. एकजण म्हणाली, "सर, माझी साडी चांगली आहे, मला झाकणाचा डबा लागेल." त्यातल्या दोघींना मी सातवीत त्रैराशिक शिकवलं होतं. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. शेवटी प्रत्येकीला लोणचं कबूल केलं तेव्हा कुठं सुटलो.

हिरवी चौकडी एकीतही नव्हती. तरी एकीनं गळ्यात मारलेलं गाठोडं खांद्यावर टाकून परत आलो, तर दारातच सुमन!

"अहो, हे काय?"

झालं. माझ्याच्यानं आता काही लपवणं होईना. "सुमन," मी म्हटलं, "मी आईंचं लुगडं कापलं. दादरे केले. अकरा. गोल."

ती नुसती भिंतीला टेकली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आतून अक्का म्हणाल्या, "कुटलं लुगडं म्हनता मास्तर? आईचं लुगडं कालच गोधडीला लागलं न्हाय का! हितं या, बगा."

आणि त्यांनी गोधडी उलटी केली. बदामी, जयपूर, तिरुपती सगळं खाली गेलं आणि वर आलं ते हिरव्या चौकडीचं अखंड लुगडं. बारीक टाक्यांनी भरलेलं. कुठं एक कात्रीचा घाव नाही! मी त्यावर हात फिरवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं, त्यात लाजायचं काय? इतकं हलकं मला निकालाच्या दिवशीसुद्धा कधी वाटलं नव्हतं. सुमनही पदरानं डोळे पुसत हसायला लागली. मी शिवलेली गोधडीच कापली असं तिला वाटलं होतं.

"अगं, पण मग मी कापलं ते काय?"

तिघंही स्वयंपाकघरात गेलो. बरण्या बघितल्या आणि सुमनचं हसू थांबलं.

"हे माझं," ती म्हणाली. "आईनं तेव्हा एकसारखी दोन घेतली होती, एक स्वतःला आणि एक मला. दादऱ्याचा पंचा पेटीच्या खाली ठेवला होता, अजून तिथंच आहे."

"मग हे पेटीवर कशाला ठेवलं होतंस?"

"उद्याचं बारसं झालं की अक्का ह्याचीच तुमच्यासाठी गोधडी शिवायला घेणार होती. साठावा वाढदिवस येतोय ना, तुमच्या साठीची. तुम्हाला सांगायचं नव्हतं."

अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी एका बरणीची सुतळी उगाच आवळून बघितली.

बारसं झोकात झालं. नात पणजीच्या लुगड्यावर अशी गाढ झोपली की नाव ठेवताना कानात कुर्र केलं तरी उठली नाही. जाताना पाहुण्यांना एकेक बरणी दिली. विहीणबाईंनी दादऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगबाई, किती मऊ कापड! आणि किती गोल कापलंय! आमच्यासाठीपण थोडे कापून द्या ना."

"दिले असते हो," सुमन शांतपणे म्हणाली, "पण ह्यांच्याकडे आता पांघरायलाच काही राहिलं नाही."