मावशीचा ठेका

आमच्या छापखान्यात सगळ्यात तिखट कान कुणाचे, विचाराल तर क्सावेरीचे. आणि क्सावेरी जन्माचा ठार बहिरा. हसू नका. तो पायांनी ऐकायचा.

तोरुन शहरात नदीच्या बाजूच्या गल्लीत आमचा छापखाना. वरच्या मजल्यावर फळ्यांच्या जमिनीची लांब खोली, तिथे मी छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायची. खाली एक जुनं लोखंडी धूड, त्यावर क्सावेरी. त्या मशीनला सगळे मावशी म्हणायचे. सदा कुरकुर, पण घरातून काढायची सोय नाही.

मावशी धावू लागली की क्सावेरी गुणगुणू लागायचा. नाकातून एकच सूर, तिच्याच ठेक्यात: दोन आखूड, एक लांब. आपण गुणगुणतो हे त्या बापड्याला ठाऊकच नव्हतं. आणि सांगणार कोण? लाजून बंद केलं असतं ना त्याने! दुपारी उन्हं तिरपी यायची, नदीवरून धुकं सरकायचं, आणि तो सूर फळ्यांतून वर झिरपायचा. माझे डोळे जड व्हायचे. वाटायचं, दोर सुटलेल्या नावेसारखी ही सगळी इमारत आम्हाला घेऊन हळूहळू कुठेतरी निघालीय. कुठे, ते विचारावंसंही वाटायचं नाही.

डिसेंबर लागला की त्याचा नामदिवस, म्हणजे ज्या संताचं नाव त्याला ठेवलं त्याचा सण. कुणाचाही नामदिवस असला की आम्ही गाणं म्हणायचो, पण याच्यापुढे गाऊन काय डोंबल कळणार? म्हणून आम्ही मावशीला कागद न घालता रिकामीच पळवायचो. क्सावेरी बूट काढून, नुसत्या मोज्यांवर तिच्या पायरीवर उभा राहायचा आणि डोळे मिटून हसायचा. ते त्याचं गाणं.

मग राज्य बदललं, छापखाना विकला गेला, आणि जर्मनीहून ऑफसेटचं नवं मशीन आलं. मावशीचे तुकडे करून भंगारवाल्याने नेले. मला खालच्या ऑफिसात बसवून हातात माउस दिला. शिसं गेलं, आणि शिसं बाधू नये म्हणून रोज मिळायची ती दुधाची बाटलीही गेली. त्या पांचट दुधाला मी जन्मभर नावं ठेवली, पण बंद झालं तेव्हा जीव चुटपुटलाच.

नवीन मशीन जराही हलू नये म्हणून रबराच्या गाद्यांवर बसवलेलं. क्सावेरी ते झटक्यात शिकला. हिरवा दिवा, लाल दिवा, त्यात काय कठीण? नवे मालक मालेत्स्की साहेब तर खूश होते. फक्त गुणगुणणं थांबलं. मी पडद्यासमोर बसून वाट बघायची, आज येईल, उद्या येईल.

सूर आला नाही. क्सावेरीचा राजीनामा आला.

"ब्रोन्याबाई, तुम्हीच विचारा त्याला," साहेब हवालदिल. "पगार वाढवतो म्हणावं!"

आम्ही एकाच अंगणात वाढलो, त्यामुळे त्याच्या हातांची भाषा मला येते. गेले तशीच मशीनपाशी. "काय रे येड्या, थंडीच्या तोंडावर नोकरी सोडतोस? बायको घरात तरी घेईल का?"

"तिला सांगितलंय," त्याचे हात म्हणाले. "ये म्हणाली."

"मग बिनसलं कुठे?"

त्याने माझा हात धरून मशीनवर ठेवला. भरधाव चाललेलं मशीन, आणि हाताला काही म्हणजे काही लागेना.

"ब्रोन्या, मी बहिरा झालो गं," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हा शब्द त्याने स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. मला रडूच आलं, सरळ सांगते.

त्याचा शेवटचा दिवस नेमका नामदिवसाला आला. आता याला गाणं आणायचं कुठून? त्या सकाळी मी वरच्या रिकाम्या खोलीत खुर्च्या आणायला गेले आणि दचकले. पाऊल टाकलं की घुमत होतं! शिशाच्या ओझ्याखाली ती जमीन इतकी वर्षं मुकाट बसली होती. आता ओझं उतरलं, तर नुसता ढोल झालेला.

"बूट आपटायचे? अहो, लोक काय म्हणतील?" साहेब म्हणाले.

"लोक गेले खड्ड्यात. तुम्ही वर या."

खिडक्यांतून बर्फाचा पांढरा उजेड आत आला होता. टेबलावर खसखशीचा रोल, खारवलेले मासे, काचेच्या ग्लासांत चहा. क्सावेरीला मोज्यांवर मधोमध उभं केलं आणि आम्ही सगळे लागलो आपटायला. दोन आखूड, एक लांब. क्सावेरीच्या कपाळाला आठ्या!

"थांबा, थांबा!" त्याचे हात ओरडले. "असं चाललं तर कागद फाटेल!"

साहेब ठेका चुकत होते, दुसरं कोण? क्सावेरीने हाताने ताल धरून दिला. पुन्हा सुरू. फटींतली धूळ उजेडात तरंगू लागली, तिथे अडकून राहिलेले चुकार खिळे टुणटुण उडू लागले. क्सावेरीने डोळे मिटले. आणि आला हो तो सूर! तोच, नाकातला. इमारत पुन्हा हलली, पुन्हा कुठेतरी निघाली. एकमेकांकडे बघायची कुणाची छाती नव्हती. माझे गुडघे बोंबलत होते, पण मशीन थांबवणं हे त्याचं काम, आमचं नव्हे.

शेवटी त्याने काम संपल्यासारखा हात वर केला. आम्ही थांबलो. तो खाली वाकला आणि घरी जाताना मावशीला थोपटायचा तसं जमिनीला थोपटलं. बूट घातले. साहेबांकडे बोट दाखवून मला म्हणाला, "याला जरा तेल घाल." आणि कोट चढवून जिन्याने खाली उतरला.

पायांखाली आता काहीच हलत नव्हतं, तरी तो गुणगुणत होता. जिन्यात, दारात, मग बाहेर गल्लीत. आम्ही खिडकीशी उभे राहून ऐकत राहिलो. या वेळीही त्याला कुणी सांगितलं नाही.