पेला उजेडात धरणारी झुबेदा

ईरा, नील, तुम्ही राहता त्याच देशात झुबेदा वीस वर्षं राहिली आणि मी, तुमची आजी असून, तुमची गाठ घालून दिली नाही. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणत राहिले. गेल्या महिन्यात ती गेली. आता हात लवकर दुखतो, म्हणून थोडक्यात लिहिते, पण क्रमाने.

आधी तिची सवय सांगते. काही प्यायच्या आधी ती पेला उजेडात धरून रंग बघायची. लातूरच्या आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा माझं सरबतही तसंच धरलं. मला राग आला. सरबतात काही पडलंय का, असं मी विचारलं. ती ओशाळली. "न्हाई बाई. भूकंपापासून हात ऐकत न्हाई."

झुबेदा उदगीरच्या पिंजाऱ्याची मुलगी, इथल्या एका दवाखान्यात नर्स. भूकंपात दगडमातीच्या भिंतींखालून काढलेली माणसं तिच्या वॉर्डात आली. ती माणसं बोलायची, चहा मागायची, घरच्यांची चौकशी करायची. मग त्यांची लघवी काळ्या चहासारखी व्हायची आणि दोन-चार दिवसांत माणूस संपायचा. चिरडलेल्या मांसाचं विष मूत्रपिंडात उतरतं, हे ती त्या आठवड्यात शिकली. पुढे तिने डायलिसिसचंच शिक्षण घेतलं.

इंग्लंडला जायचं म्हणून ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला आली. तेव्हा गल्लीत घरोघरी क्लास निघाले होते. माझ्या पुढच्या खोलीत डॉक्टर व्हायला निघालेली सतरा वर्षांची पोरं आणि त्यांच्यात चौतिशीची झुबेदा. कुणाची तरी आई आली असं समजून पोरं उठून जागा द्यायची. "बसा रे," ती म्हणायची, "उद्या तुम्ही डॉक्टर झालात की मलाच उठायचंय."

मुलाखतीसाठी मी तिच्या वहीत पहिलंच वाक्य लिहून दिलं: विचारल्याशिवाय बोलू नये. तिला ते नवं नव्हतं. डॉक्टर आले की उठायचं, हात मागे घ्यायचे, विचारलं तरच बोलायचं, हे तिच्या अंगात मुरलेलंच होतं.

तिकडे पहिली दोन वर्षं तिने वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवण्यात, पुसण्यात काढली. मग एका हॉस्पिटलात साधा वॉर्ड मिळाला. तिथे भिंत अंगावर पडलेला एक गवंडी आला. चांगला हसून बोलत होता. झुबेदाने पिशवीतल्या लघवीचा रंग पाहिला. तेवढ्यात डॉक्टर आले. ती उठली, हात मागे घेतले आणि कुणी विचारायची वाट पाहिली. डॉक्टर पायाच्या हाडाबद्दल बोलले आणि गेले. तिने सांगितलं ते संध्याकाळी. माणूस वाचला, मूत्रपिंडं गेली.

तिचा फोन आला. रडत नव्हती, फक्त दमलेली होती. "बाई, अख्ख्या वॉर्डात मला एकटीलाच दिसलं होतं. अन् मी उभी राहिले."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. वहीतल्या वाक्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

आपण गप्प राहिलो हे तिने वरिष्ठांना लिहून दिलं आणि डायलिसिसच्या वॉर्डात काम मागितलं. बऱ्याच महिन्यांनी ते मिळालं. गवंडी तिथे आठवड्यातून तीनदा यायचा. पहिल्याच दिवशी तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने सुईसाठी हात पुढे केला. तो जाईपर्यंत, नऊ वर्षं, त्याची सुई तिनेच लावली. त्याने माफ केलं का, असं मी एकदा विचारलं.

"इचारलं न्हाई बाई. दर खेपेला हात देतो, तेवढं बघते."

नव्या मुली यायच्या, केरळच्या, फिलिपिन्सच्या. त्यांना यंत्र दाखवायच्या आधी ती एवढंच शिकवायची: डॉक्टर आला तरी उठायचं नाही, दिसलं ते आधी सांगायचं.

शेवटची इकडे आली तेव्हा ती वही माझ्याकडे ठेवून गेली. कपाटात वरच्या खणात आहे. माझं वाक्य तिने खोडलेलं नाही; त्याखाली स्वतःचं लिहिलंय: दिसलं की सांगावं.

ती गेल्याचं मला तिच्या हाताखालच्या एका मुलीने कळवलं. त्या वॉर्डात डॉक्टर आले तरी नर्स अजूनही उठत नाहीत, असं ती म्हणाली.