पिवळी पट्टी

पडेगावला आमच्या शेजारी नगररचना कार्यालयातले एक निवृत्त आरेखक राहतात. घरासमोरूनच हायवे जातो. ट्रक आला की आम्ही सगळे ओरडून बोलतो. ते मात्र मध्येच थांबतात आणि ट्रक गेला की सोडलेल्या शब्दापासून पुढं सुरू करतात.

एकदा त्यांनीच सांगितलं, "नकाशात ही पट्टी झाडं अन् गोदामांसाठी होती. घरं लई मागं. मग दुष्काळानं गावंच्या गावं शहरात आली. साहेब म्हणले, पिवळी करा. पिवळी म्हणजे राहायची जागा. मीच रंगवली."

"आणि घर इथंच घेतलंत?"

"मंग? हा आवाज दुसऱ्यांनीच ऐकावा व्हय?"

टँकरच्या पाण्यातली एक बादली ते रोज रस्त्याकडच्या कडुलिंबांना घालायचे. "एका रांगेनं आवाज अडत नाय," असंही स्वतःच म्हणायचे.

माझे वडील अंथरुणाला खिळले. आवाजानं त्यांचा डोळा लागेना. तेव्हा हे शेजारी रोज दुपारी भर उन्हात पुठ्ठा धरून रस्त्याकडेला उभे राहू लागले. 'हॉर्न वाजवू नका' ही अक्षरं नकाशावरच्यासारखी सुबक होती. काही ड्रायव्हर ती वाचून मुद्दाम हॉर्न वाजवायचे.

वडील गेले त्या सकाळी ते आले. माझा हात धरून म्हणाले, "त्या दिवशी मी ब्रश खाली ठेवला असता, तर..."

ट्रक आला. ते थांबले.

ट्रक गेला. मी वाट पाहत राहिलो. ते माझा हात धरून तसेच उभे होते.