गोबर गॅसवरचा चहा

साहेब जीपमधून उतरले तेव्हा बापूंच्या अंगणात निम्मी भावकी जमली होती. प्लँट बघायला त्यातलं कुणी आलं नव्हतं. साहेब चहा पितात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी तेव्हा गोबर गॅसच्या कामावर सुपरवायझर होतो. गडमुडशिंगी गावातला बापूंचा हा प्लँट मीच उभा केलेला. यात फारसं अवघड काही नसतं. शेण पाण्यात कालवून विहिरीसारख्या खड्ड्यात सोडायचं. ते आत कुजतं, गॅस तयार होतो आणि वरची लोखंडी टाकी हळूहळू उचलली जाते. तिथून पाइप थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीला. बापूंच्या दोन म्हशींच्या शेणावर गॅस पुरेना, म्हणून मी त्यांना नवा संडासही खड्ड्याला जोडायला लावला. गॅस भरपूर झाला. भावकीनं मात्र त्यांच्या घरचं पाणी पिणंसुद्धा बंद केलं.

त्यातच त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि जेवायला यायला कुणी तयार होईना. बापूंच्या बायको शांतावहिनी मला म्हणाल्या, "सुपरवायझर, तुमचं साहेब हितं च्या पितील न्हवं? मग हे समदे गप जेवतील बघा."

"पितील की," मी म्हणालो. गोबर गॅसमध्ये घाण काही नसते, ही साहेबांची भाषणं मी किती वेळा ऐकली होती.

साहेबांनी आधी शेगडी पेटवून दाखवायला सांगितली. "निळी ज्योत. धूर नाही, वास नाही. यात घाण कसली?" असं सगळ्यांना खडसावून विचारलं. वहिनींनी कपबशी पुढे केली. साहेबांनी हात मागे घेतला.

"आज गुरुवार. माझा उपास असतो."

"उपासाला च्या चालतो की, साहेब," बापूंचे चुलते म्हणाले.

"मी कडक करतो. पाणीसुद्धा घेत नाही."

येताना स्टँडसमोर साहेबांनी दोन प्लेट मिसळ खाल्ली होती. मी समोरच बसलो होतो. लाजेनं माझे कान तापले. मी त्यांच्यासाठी ओतलेला चहा उचलून पिऊन टाकला, मग माझाही प्यायलो.

चुलते हसले. "तुमचं काय धरायचं, पावणं? तुमची नोकरीच हाय ती."

वहिनी रिकाम्या कपबशा घेऊन आत गेल्या. त्यांच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

जीपमध्ये साहेब म्हणाले, "टेक्निकली काही प्रॉब्लेम नाही हो. पण घशाखाली उतरलं नसतं."

"येस सर," मी म्हणालो. त्या दोन शब्दांची लाज अजून जात नाही.

साखरपुड्याचा स्वयंपाक चुलत्यांच्या घरामागच्या परड्यात, चुलीवर झाला. पाठोपाठ बापूंनी संडासाचा पाइप तोडून टाकला.

पुढे टाकी गंजलीय का ते बघायला मी पुन्हा गेलो. शेगडीवर दूध तापत होतं. संडासाचा पाइप तोडलेला होता, गॅस आता निव्वळ शेणाचा होता. तरी वहिनी परड्यातून चहा घेऊन आल्या. धुरानं डोळे लाल झाले होते. याच धुरातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी प्लँट घेतला होता.

"घ्या निवांत, चुलीवरचा हाय," त्या म्हणाल्या. "सरकारी मानसाला आमी गॅसवरचा देत न्हाय."

मी तो प्यायलो. दुसरं काय करणार?

नंतर नोकरीत पुष्कळ प्लँट बांधले. उद्घाटनाला साहेब बोलवायचे असले, तर तिथे चहा घेणार का, हे मी ऑफिसातच विचारून घ्यायचो. बहुतेक उद्घाटनं साहेबांशिवायच झाली.