एकट्या राजाची बरोबरी

माझ्या सासऱ्यांनी मला बुद्धिबळात हरवलं, तेही माझ्याच बाजूनं खेळून.

तेव्हा मी तिरोड्याजवळच्या एका गावात गणिताचा मास्तर होतो आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायचो. (उरलेला वेळ नेमका कोणता, यावर घरात दोन मतं होती.) रेंज फक्त छपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, खिडकीत यायची, म्हणून लांब वायर लावून डोंगल सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं गजाला बांधलेलं. लाइट गेली की मी हरायचो, रेंज गेली की हरायचो, आणि दोन्ही शाबूत असले की स्वतःच्या अकलेनं हरायचो. साइटवर प्रत्येकाच्या नावापुढे रेटिंगचा आकडा असे. माझा तेराशेच्या आसपास धापा टाकायचा.

बायको, म्हणजे सुनंदा, काही सांगायला आली की मी नुसतं "हूं" म्हणायचो. असंच एकदा हूं म्हणत मी भगोणंभर दूध उतू जाऊ दिलं. तेव्हा तिनं निकाल दिला.

"मंडईपर्यंत चौदाशे करून दाखवा. झाले तर बसा हूं हूं करत. नाही झाले तर डोंगल माझ्या पेटीत."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जत्रा, रात्री नाटक आणि घरात जागा मिळेल तिथं पाहुणे. मी जीव तोडून खेळलो, चढलो, घसरलो, पुन्हा चढलो. मंडईच्या आदल्या दिवशी आकडा असा होता की एक डाव जिंकला की चौदाशे पार!

त्याच दिवशी चिचगडहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. गावच्या पारावर त्यांची हयात बुद्धिबळात गेलेली, पण तिथले नियम वेगळे. समोरच्याकडे नुसता राजा उरला की त्याला बुर्जी म्हणायचं, आणि ती बरोबरी.

"एकट्या राजाच्या मागं लागत नाही जी, जवाईबापू," ते म्हणाले. "बरं दिसत नाही."

मला हसू आलं. आमच्या खेळात दयामाया नसते, एकटा सापडला की मारायचाच, हे मी त्यांना आणि चहा घेऊन आलेल्या सुनंदालाही नीट समजावून सांगितलं. समजावणं हा माझा धंदाच.

मंडईच्या सकाळी मामाजींना शेजारी घेऊन शेवटचा डाव लावला. समोरचा कुठल्यातरी परदेशातला, झेंडा ओळखू न येणारा. त्यानं वजीर फुकट दिला. का दिला ते मी विचारलं नाही. शेवटी त्याच्याकडे राजा उरला, आणि माझ्याकडे राजा, वजीर नि हत्ती. आता फक्त मात द्यायची होती.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. माझा साळा सहकुटुंब आला होता. पाहुण्याला पाय धुवायला पाणी घरच्या मालकानं द्यायचं, ही आमच्याकडची रीत. नाही दिलं तर चिचगडपर्यंत बभ्रा. "मामाजी, घड्याळाकडे लक्ष ठेवा, आलोच," म्हणून मी लोटा घेऊन धावलो.

पण पारावरची रीत अशी, की एक उठला की दुसरा त्याच्या जागी बसतो आणि उरलेला डाव त्याचा. मामाजी माझ्या खुर्चीवर सरकले. पडद्यावर काही इंग्रजी उमटलं. त्यांनी लेकीला वाचायला बोलावलं.

"बरोबरी मागून राहिला, बाबा."

"देऊन टाक न त्याले. एकटाच आहे बिचारा."

सुनंदानं बटण दाबलं. (हे काम तिनं जरा जास्तच चपळाईनं केलं, असं माझं आजही मत आहे.)

ओल्या हातांनी परत आलो तर डाव संपलेला. समोरचा माझ्याहून कच्चा, त्यामुळे बरोबरी करूनही माझा आकडा खाली गेलेला. खाली त्याचा निरोप होता, तुम्ही फार सज्जन आहात. माझ्या खेळाची कुणी केलेली ती पहिली स्तुती.

"मामाजी, हे काय केलं?"

"बुर्जी होती न जी. तुमाले दिसली नाही का?"

एव्हाना अख्खं माहेर छपरीत गोळा झालं होतं. सुनंदानं गजावरची ट्यूब सोडली आणि डोंगल उपसून हातात घेतलं. मी म्हटलं, तुझी माणसं बघ किती, मी एकटाच. एकट्या राजाच्या मागं लागतात का कोणी?

"ते बाबांच्या खेळात," ती म्हणाली. "तुमच्या खेळात एकटा सापडला की मारायचाच. तुमीच सांगितलं न?"

मी "हूं" म्हणालो.