रॉक फेस्टिव्हलमध्ये मी चप्पल काढते

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, एका रॉक फेस्टिव्हलमध्ये मी एका तरुणावर चप्पल उगारली, अशी माझ्याविरुद्ध तक्रार झाली. तक्रार साफ खोटी होती. मी चप्पल उगारली नव्हती, हुंगवली होती.

पण त्याच्या आधी, मी तिथे गेलेच कशाला ते सांगायला हवं.

मी दिघोरीच्या शाळेत शिक्षिका, अख्ख्या गावाची पटले बाई. अठ्ठावीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळते आहे. संगीताशी माझा संबंध म्हणजे परिपाठाला पेटी वाजवणं. (पेटीच्या दोन पट्ट्या दबत नाहीत, म्हणून प्रार्थनेतले काही शब्द आम्ही नुसतेच म्हणतो.) वंदना मेश्राम ही आमच्या आरोग्य केंद्रातली नर्स आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. तिचा एकुलता एक मुलगा निखिल माझाच विद्यार्थी. वर्गात दोन पेन्सिली घेऊन बाक बडवत बसायचा, त्यामुळे त्याची अर्धी चौथी व्हरांड्यात झाली. पुढे तो इंजिनिअर व्हायला नागपूरला गेला, इंजिनिअर झालाही, आणि मग गिटार घेऊन बसला.

जानेवारीतल्या एका सकाळी वंदना माझ्या ओट्यावर येऊन टेकली.

"सुनंदा, निखिलचा बँड भंडाऱ्याले वाजवणार आहे. शनिवारी दुपारी. रॉक फेस्टिव्हल का काय म्हणते."

"अरे वा! मंग जाय ना."

"तो म्हणते, तू येऊ नको."

हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. पुराच्या पाण्यात डोंग्यात बसून बाळंतिणीपर्यंत पोचलेली बाई ही! पण त्या दिवशी तिचा आवाज पार तळाला गेला होता.

"काहून?"

"सांगतच नाई. म्हणते, तू समोर राहिली तं मले वाजवता येणार नाई." ती बोटानं ओट्यावर रेघा ओढायला लागली. "लाज वाटत असन त्याले माझी. तिकडे सगळी शहरातली पोरं."

"कायची लाज? आपण दोघीही जाऊन राहिलो!"

"अवं, पण तो नाई म्हणाला ना."

"त्याले दिसलो तर! तोंडाले स्कार्फ बांधू." (आमच्याकडे बायका गाडीवर असा स्कार्फ बांधतात की पेट्रोल पंपावर सख्खा नवरा शेजारी उभा असला तरी ओळखत नाही.) "आणि मी आहे ना सोबत! दरवर्षी सहल नेते मी. गर्दीत कसं वागायचं, ते मले शिकवू नको."

त्यानंतर जे जे झालं, त्याला हे एकच वाक्य कारणीभूत आहे.

आरोग्य केंद्रातल्या फार्मासिस्टनं मोबाईलवर तिकिटं काढून दिली. घरी मी सांगितलं, "वंदनासोबत भंडाऱ्याले जाऊन येते, तिचं काम आहे." हे अगदी खरं होतं. कामाला ढोल होते, एवढं सांगायचं राहिलं. भंडारा म्हटल्याबरोबर आमच्या ह्यांनी दहा किलो चिन्नोर तांदळाची थैली आणून माझ्या पायाशी ठेवली. "जाऊनच राहिली तं ताईच्या घरी टाकून दे."

अशा रीतीनं काळे गॉगल, तोंडाला स्कार्फ आणि डोक्यावर दहा किलो तांदूळ अशी मी माझ्या पहिल्या रॉक फेस्टिव्हलच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले.

"मॅडम, बाहेरचं खाणं आत चालत नाई," फाटकावरचा गार्ड म्हणाला.

"अरे बाबू, हे खाणं नाई, कच्चा तांदूळ आहे! कच्चा तांदूळ फाकत कोणी गाणं ऐकते का?"

त्यानं त्याच्या साहेबाला बोलावलं. साहेबानं थैलीचं तोंड उघडलं, वास घेतला आणि त्याचा चेहराच बदलला.

"चिन्नोर?"

"चिन्नोर."

"नवा दिसते. नवा भात गिचका होते मॅडम. वर्षभर मुरू द्यायले पायजे होता."

"आमच्या नणंदेले नवाच लागते."

मग नवा की जुना यावर आमची रीतसर चर्चा झाली. मागे दोनशे पोरं रांगेत ताटकळत उभी! शेवटी हेल्मेट ठेवायच्या जागी, एका लाल आणि एका काळ्या हेल्मेटच्या मधोमध, आमच्या चिन्नोरला जागा मिळाली.

आत पाहते तर सगळं मैदान काळ्या कपड्यांत! आणि जवळजवळ प्रत्येकाच्या छातीवर हाडांचा सापळा. मी वंदनाच्या कानाशी लागले. "विज्ञान शाखेची पोरं दिसते वं सगळी. सापळा चांगला काढला आहे. फासळ्या मोजल्या मी, दोन कमी आहेत."

"तू मोजू नको," वंदना म्हणाली. "तो पोरगा घाबरून राहिला."

तेवढ्यात स्टेजवर एक गृहस्थ आले. माईकसमोर उभे राहून म्हणाले, "चेक. चेक. वन, टू. चेक." आणि थांबले. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. मैदानात एकटीनं.

"सुनंदा, तो माईक तपासून राहिला."

"मले माहीत आहे! प्रोत्साहन देऊन राहिली मी."

मग पहिला बँड आला. गाणारा मुलगा दिसायला गोजिरवाणा होता, पण त्यानं तोंड उघडलं आणि आतून विहिरीत मोटर जळाल्यासारखा आवाज निघाला. वंदनाचं नर्सचं मन कळवळलं. "घशाले सूज आहे याच्या. गुळण्या करायच्या सोडून ओरडून राहिला!"

मी मात्र तिकडे पाहतच नव्हते. माझ्या शेजारी उभा असलेला एक धिप्पाड पोरगा अचानक मान खाली घालून गदागदा हलायला लागला होता. केस पुढे, केस मागे. डोळे पांढरे. शाळेत फीट आलेली दोन मुलं मी पाहिली आहेत. माझ्या मनात शंकाच उरली नाही.

"बाजूले व्हा! हवा येऊ द्या!" मी ओरडले, पायातली चप्पल काढली, डाव्या हातानं त्याची मान पकडली आणि उजव्या हातानं चप्पल त्याच्या नाकाशी दाबून धरली.

तो ताबडतोब शुद्धीवर आला. (मुळात शुद्धीवरच होता, ही गोष्ट वेगळी.)

"काकू! काय करून राहिल्या?"

"बरं वाटून राहिलं का बेटा?"

एव्हाना आजूबाजूच्यांना एवढंच दिसलं होतं की तोंड बांधलेली एक बाई चप्पल घेऊन एका पोराच्या मानगुटीला बसली आहे. कोणीतरी "चप्पल उगारली!" अशी तक्रार केली आणि दोन गार्ड धावत आले.

"काय झालं?"

"या काकूनं मले चप्पल लावली."

"मारली?"

"नाई. लावली. नाकाले."

गार्डनं दुसऱ्या गार्डकडे पाहिलं. मारली असती तर त्यांच्याकडे नियम होता. लावली याला नियम नव्हता. त्यांनी मला मैदानाबाहेर काढायचा विचार चालवला, तेवढ्यात वंदनानं पर्समधून ओळखपत्र काढलं. "मी नर्स आहे. पोरगा ठणठणीत आहे. ही शिक्षिका आहे, हिले कोणी हललेलं चालत नाई." मग ती माझ्याकडे वळली. "आणि खरंच फीट आली तरी चप्पल हुंगवत नाई, अडाणी! किती वेळा तुझ्या शाळेत येऊन सांगितलं मी!"

"मंग काय करावं लागते मावशी?" त्या धिप्पाड पोरानं विचारलं.

आणि वंदनानं तिथेच, त्या जळक्या मोटरीच्या आवाजात, सात-आठ सापळेवाल्यांना गोळा करून समजावलं: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही. पोरं मान डोलावत होती. मी एका पायात चप्पल घालून मागे उभी होते.

"हे घे," वंदनानं मला कापसाचे दोन बोळे दिले. "कानात घाल. आवाजानं तुझं डोकं फिरून राहिलं."

बोळे घातल्यावर जग एकदम शांत झालं. आता काही बिघडणार नाही, असं मला वाटलं.

मग निखिल आला.

खांद्यापर्यंत केस, गळ्यात लाल गिटार. तार छेडली आणि सगळं मैदान उठून पुढे सरकलं. वंदनाची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. तिला समोरच्या पाठींशिवाय काही दिसेना. ती टाचा उंचावत होती, इकडून वाकत होती, तिकडून वाकत होती. साठ किलोमीटर एसटीत बसून आलेली आई, आणि पोराचा शेंडासुद्धा दिसू नये! माझ्यातली अठ्ठावीस वर्षांची नोकरी उसळून वर आली.

"समोरचे! खाली बसा!"

आणि पुढच्या दोन रांगा खरंच बसल्या! एकानं तर हाताची घडी घातली.

वंदनाला निखिल दिसला. तिचा स्कार्फ डोळ्यांखाली ओला होत गेला. ते पाहून मलाही भरून आलं, आणि भरून आलं की मी जास्तच बोलते. कानात बोळे असल्यामुळे माझाच आवाज मला ऐकू येईना, म्हणून जीव काढून ओरडले.

आता मला सांगा, गाणं ऐन रंगात असताना मध्येच एकदम सगळी वाद्यं बंद करायची, हा काय प्रकार आहे? म्हणे ते मुद्दाम करतात! त्यांनी ते नेमकं त्याच क्षणी केलं, आणि त्या चिडीचूप मैदानावर माझा एकटीचा आवाज घुमला:

"पोरगा सोन्यासारखा आहे वं वंदना! पण हे केस कापाले सांग! चौथीत याच्या उवा मीच काढल्या होत्या!"

शांतता झाली होती हे मला कळलंच नाही. म्हणून मी पुढेही बोलले. "लिखांचं तर विचारूच नको!"

वंदनानं माझा दंड धरला तेव्हा मी वर पाहिलं. निखिल कपाळावर हात धरून उन्हातून आमच्याकडे पाहत होता. तो माईकजवळ वाकला.

"...पटले बाई?"

"हजर!" मी म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नाही. हजेरी घेणारी मी असते.

मैदान हसून लोळत होतं. पण निखिल हसत नव्हता. त्याची नजर माझ्या शेजारच्या बुटक्या स्कार्फवर थांबली होती.

"आई?"

वंदनानं स्कार्फ सोडला. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. "मी चालली रे, मी चालली. तू वाजव," असं म्हणत ती खरंच वळली. वीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीला मी हौसेनं इथवर आणलं आणि तिच्याच पोरासमोर, अख्ख्या भंडाऱ्यासमोर तोंडघशी पाडलं!

"आई, थांब ना!" निखिल माईकवरच ओरडला. "अवं, तुले येऊ नको म्हटलं कारण... पुढचं गाणं तुझंच आहे. तुले न विचारता केलं मी. तू समोर राहिली असती तं माझी हिंमत नसती झाली."

वंदना थांबली. मागच्या पोरानं ढोलावर काठी मारली आणि निखिल गायला लागला. गाणं म्हणजे काय, तर वंदना त्याला रोज फोनवर जे बोलते, तेच! जसंच्या तसं! "काहून फोन नाई उचलला? पाणी कुठचं पेऊन राहिला? पांघरूण आहे काय?" आणि मग सगळी वाद्यं एकदम: "जेवला काय? जेवला काय?" तिसऱ्या फेरीला सगळं मैदान मुठी उंचावून विचारत होतं, "जेवला काय? जेवला काय?" मी एका कानातला बोळा काढला. नुसत्या गलक्यानं अंगावर काटा आला.

वंदना दोन्ही गालांवर हात ठेवून ऐकत होती. गाणं संपलं.

"राग आला का, आई?"

ती वॉर्डात हाक मारते त्या आवाजात म्हणाली, "ते जाऊ दे. जेवला काय?"

निखिलनं मान खाली घातली. "...नाई."

"साडेतीन वाजले!"

आणि इतक्या लोकांनी निखिलची जी हुर्यो उडवली, तशी त्याची चौथीतही कधी उडाली नव्हती. मग ते गाणं परत झालं. लोकांनी वंदनाला अगदी पुढे नेलं, तिच्यासोबत मलाही. तो धिप्पाड पोरगा मला म्हणाला, "काकू, आता तुम्ही पण हला. मी चप्पल नाई काढणार." आणि मी हलले. सांगायला हरकत नाही, मी नाचले. अंगात इतकी लय असेल असं मला वाटलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांची ती पेटी, ते परिपाठ, सगळं हातापायांतून बाहेर पडत होतं. आपण हे आधीच करायला हवं होतं, असं वाटून गेलं.

निखिलच्या मित्रानं आम्हाला गाडीनं नणंदेकडे सोडलं, तांदूळ पोचता झाला, आणि संध्याकाळच्या एसटीनं आम्ही गावी परतलो. वंदना वाटभर नुसती हसत होती.

रविवारी सकाळी आमचे हे मोबाईल घेऊन अंगणात बसले होते. "अवं, इकडे ये. वंदनाताईचा व्हिडिओ आला पाय. किती छान दिसून राहिल्या!"

मी मागून वाकून पाहिलं. वंदना खरंच छान दिसत होती. तिच्या शेजारी मीही होते, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल. अंगावरची साडी ह्यांनीच घेतलेली. पण साडीवरून बायको ओळखणारा नवरा आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. मी गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण हे एकदम पुढे सरसावले, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "अरे, अरे! हे बाजूची बाई पाय! करंट लागला वाटते तिले! एवढी माणसं उभी आहेत, कोणी लाकडानं बाजूले सारून नाई राहिलं!"

मला राहवलं नाही. "ती मी आहे," मी म्हणाले. "नाचून राहिली."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा व्हिडिओ. शेवटी मोबाईल हळूच खाली ठेवला, खुर्चीवरून उठून मला बसायला जागा दिली आणि सव्वीस वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता इतक्या मायेच्या आवाजात विचारलं,

"कुठं दुखलं-गिखलं तं नाई ना?"