साडेपाच सेंटीमीटर समुद्र

नंदाखाल गावची लूर्डस केळीच्या बागेतून तशीच उठून शाळेत आली. हातांवर चिकाचे काळे डाग, मुठीत जहाज कंपनीकडून आलेली तार. तिचा नवरा ॲन्सेल्म मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. १९७८च्या जुलैत अरबी समुद्रातल्या वादळात ते जहाज बेपत्ता झालं. शेवटचा ठावठिकाणा म्हणून तारेत फक्त दोन आकडे होते.

भूगोल शिकवणाऱ्या द्वारकाबाई वटार गावच्या. लूर्डस त्यांना म्हणाली, “बाई, हे ठिकाण मला दाखवा.”

बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं. “चौदा अंश उत्तर हा अक्षांश, ही आडवी रेघ. बासष्ट पूर्व हा रेखांश, ही उभी. दोन्ही छेदतात, तिथं.”

तिथं नुसता निळा रंग होता.

“इथं तर काहीच नाही!”

“हा राजकीय नकाशा. देश आणि सीमा दाखवतो. समुद्राचं याला काही ठाऊक नसतं.”

“मग ज्याला ठाऊक आहे तो काढा.”

बाईंनी प्राकृतिक नकाशा काढला. कोपऱ्यातली सूची वाचली. निळा जितका गडद, तितकं पाणी खोल. त्या जागेचा निळा जवळजवळ काळा होता.

“फळी धरून वाहत गेला तर कुठं लागेल?”

आता सागरी प्रवाहांचा नकाशा उघडला. पावसाळ्यातले बाण पूर्वेकडे, लक्षद्वीपच्या अंगाला वळत होते. बाईंनी त्या जागेपासून बेटांपर्यंत पट्टी लावली. साडेपाच सेंटीमीटर.

“एवढंच?” लूर्डसचा चेहरा उजळला.

नकाशाचं प्रमाण सांगणं बाईंच्या जिवावर आलं. पण सांगावं लागलं. “एका सेंटीमीटरला दोनशे किलोमीटर, लूर्डस.”

तरी ती मुंबईला कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, बेटांवर निरोप धाडला. उत्तर आलं, माणूस नाही, फळीही नाही.

लूर्डस शाळेत येतच राहिली. नकाशे आता ती स्वतःच उघडायची. एकदा धापा टाकत म्हणाली, “बाई, हिवाळ्यात बाण उलटे फिरतात! म्हणजे तो आफ्रिकेकडे लागेल.”

बाईंना राहवलं नाही. “अगं, माणूस पाण्यात इतके महिने तरत नाही.”

“कुठल्या नकाशात लिहिलंय तसं?” ती किंचाळली. “दाखवा मला!”

लूर्डस फळ्याखाली जमिनीवर बसली आणि तार आल्यापासून पहिल्यांदा रडली. बाईंनी वर्गातल्या मुलींना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि तिच्याशेजारी बसल्या.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावत होतं. ॲन्सेल्मची कबर नव्हती. लूर्डस बराच वेळ इकडून तिकडे फिरली. शेवटी सासूच्या कबरीवर तिनं एक मेणबत्ती लावली आणि दुसरी हातातच धरून उभी राहिली.

“आईजवळ लाव त्याची,” मागून द्वारकाबाई म्हणाल्या.

तिनं होकारार्थी मान हलवली. मेणबत्ती मात्र लावली नाही.